शिडीपेक्षा कराराची काळजी करा



आपल्या मुलींनी परदेशात उन्हाळ्याच्या सुट्टीत लोकांची घरं रंगवण्याचा धंदा करावा का, असं गेल्या दोन महिन्यांत मला निदान दहा जणींनी विचारलं असेल. विचारण्याचं कारण माझ्या पुतण्याची मुलगी. ती कॅनडात ओंटारियो प्रांतात शिकते आणि यंदा मे ते ऑगस्ट तिने हाच धंदा केला. दशलक्षण पर्वात मंदिराच्या पायरीशी चपला घालता घालता एकीने विचारलं, "शिडीवर चढते म्हणे?" दुसरी म्हणाली, "घरचं काही कमी पडलं का हो?" तिसरीने आवाज खाली आणून, "मुलांबरोबर काम करावं लागत असेल, नाही?" करारावर सही करण्याआधी तिने काय वाचलं, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. माझं म्हणणं नेमकं तिथेच आहे. म्हणून यावेळी उपवासाच्या पारण्याचे पदार्थ बाजूला ठेवते आणि हे लिहिते.

आधी हा धंदा आहे काय ते सांगते, कारण आपल्याकडे रंगारी म्हटलं की डोक्याला फडकं बांधलेला माणूस आणि चुन्याची बादलीच डोळ्यांसमोर येते. तिकडे घरांचा सांगाडा बहुतेक लाकडाचा. बाहेरून कुठे विटा, कुठे फळ्या, पण खिडक्यांच्या चौकटी, दारं, मागचा ओटा, कुंपण हे पुष्कळ ठिकाणी लाकडीच. चार-पाच महिने बर्फ, मग ऊन, मग पाऊस. रंग तडकतो, पापुद्रे सुटतात, आणि लाकूड उघडं पडलं की कुजतं. म्हणून दर काही वर्षांनी रंग लावावाच लागतो. आणि बाहेरचा रंग थंडीत लावता येत नाही, साधा पाण्याचा रंग दहा अंशांच्या खाली नीट धरत नाही. म्हणजे हंगाम फक्त उन्हाळ्याचा. कॉलेजच्या पोरांना सुट्टी मे ते ऑगस्ट. हंगाम आणि सुट्टी एकाच वेळी, त्यातून हा उद्योग जन्माला आला. १९७१ साली ग्रेग क्लार्क नावाच्या एका कॅनेडियन विद्यार्थ्याने फीचे पैसे उभे करायला घरं रंगवायला सुरुवात केली, त्यातून 'कॉलेज प्रो' ही कंपनी उभी राहिली. पुढे तशा आणखी कंपन्या कॅनडात आणि अमेरिकेत निघाल्या. आमची नात होती ती वेगळ्याच कंपनीत. तिचं नाव मी लिहिणार नाही, कारण मला एका कंपनीबद्दल बोलायचं नाही, या पद्धतीबद्दल बोलायचं आहे.

पद्धत अशी. कंपनीची माणसं थंडीच्या आधी कॉलेजात येऊन भाषण देतात, की नोकरी कसली करता, स्वतःचा धंदा करा, वीस वर्षांच्या वयात मालक व्हा. निवडलेल्या मुलांना एक भाग वाटून देतात. जानेवारीत प्रशिक्षण. फेब्रुवारी-मार्चमध्ये शनिवार-रविवारी बर्फातून दारोदार फिरायचं, दार वाजवायचं, "तुमच्या घराला रंग लावायचा आहे का, खर्चाचा अंदाज फुकट देतो" म्हणायचं. होकार मिळाला की माप घ्यायचं, किंमत सांगायची, कागदावर सही आणि थोडी आगाऊ रक्कम. एप्रिलमध्ये परीक्षा, आणि त्याच महिन्यात रंगकाम करणारी मुलं नेमायची. मे उजाडला की कामाला लागायचं. नाव, प्रशिक्षण, फोन घेणारी माणसं, विमा, हिशोबाचं सॉफ्टवेअर कंपनीचं. गिऱ्हाईक आणायचं, माणसं नेमायची, रंग आणायचा, गाडी-शिडीची सोय करायची आणि गिऱ्हाईक चिडलं तर ऐकून घ्यायचं विद्यार्थ्याने. आणि प्रत्येक बिलातून कंपनीचा हिस्सा.

माझ्या जाऊबाईंना, म्हणजे त्या मुलीच्या सख्ख्या आजीला, हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस कोणाशी नीट बोलल्या नाहीत. "अक्का, आपल्या चार पिढ्या पेढीवर बसल्या आणि ही लोकांच्या भिंती घासायला निघाली," हे त्यांचं वाक्य. मला हा आक्षेप मुळीच मान्य नाही, आणि तो मी चार ओळींत निकालात काढते. आपल्याच समाजात जन्मलेले, कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खेडोपाडी फिरून विकले. नांगर म्हटला की शेतकरी घाबरायचे, त्यांना पटवायचं म्हणजे दारोदार जाणंच होतं. पुढे रयत शिक्षण संस्था उभी केली आणि मुलांना 'कमवा आणि शिका' सांगितलं. विद्यार्थ्यांनी माती वाहिली, विहिरी खणल्या. त्यांच्या जयंतीला आपण हार घालणार, आणि घरची मुलगी हातात ब्रश घेते म्हणून तोंड फिरवणार? हे काही बरोबर नाही.

पण कर्मवीरांचं नाव काढलं की फरकही सांगायला हवा, नाहीतर मी अर्धंच बोलले असं होईल. 'कमवा आणि शिका'मध्ये पोराच्या घामाचं मोल पोराच्याच शिक्षणाला लागायचं. मधे कोणी टक्केवारी घेत नव्हतं. या उन्हाळी धंद्यात ती घेतली जाते. घेऊ नये असं मी म्हणत नाही, कंपनी काहीतरी देते तर काहीतरी घेणारच. किती घेते आणि तोटा कोणाच्या खात्यावर टाकते, हे बघायचं.

बी.कॉम. झालेल्या बाईला तोंडी आकडे चालत नाहीत. ऑगस्ट संपल्यावर मी नातीला म्हटलं, फोटो पुरे, मला वही पाठव. तिने पाठवली. हे तिचेच आकडे, थोडे गोल करून, तिला विचारून इथे देते.

उन्हाळ्यात एकवीस घरांची कामं झाली, बिलं सगळी मिळून ६३,००० डॉलरची. आमच्या जाऊबाईंनी एवढंच ऐकलं आणि लगेच रुपये करायला बसल्या. थांबा म्हटलं. कंपनीचा हिस्सा पंचवीस टक्के, म्हणजे १५,७५०. रंगणाऱ्या मुलांची मजुरी आणि त्यावर मालकाने भरायच्या रकमा धरून २८,०००. रंग, प्रायमर, पट्ट्या, पॉलिशकागद, ब्रश, चादरी मिळून ८,६००. जुन्या गाडीचं भाडं, पेट्रोल, शिड्या, पत्रकं, फोन आणि दोन ठिकाणी काम परत करून द्यावं लागलं ते धरून ३,१५०. हातात राहिले ७,५००.

आता तास मोजा. जानेवारी ते एप्रिल सोळा आठवडे, आठवड्याला पंधरा तास. मे ते ऑगस्ट सतरा आठवडे, आठवड्याला पंचावन्न तास. एकूण ११७५. भागाकार करा, ताशी सहा डॉलर अडतीस सेंट. ओंटारियोत २०२५ च्या उन्हाळ्यात कायद्याने किमान मजुरी ताशी १७ डॉलर २० सेंट होती. तिच्या हाताखालच्या मुलांना ती १९ देत होती. म्हणजे कामगाराला एकोणीस आणि 'मालकिणी'ला सव्वासहा.

हे वाचून तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, मग हा उपद्व्याप कशाला? कुठल्यातरी दुकानात काउंटरवर उभी राहिली असती तर दुप्पट-तिप्पट मिळाले असते. खरं आहे. पण हे गणित कोणी आधी करून दाखवत नाही, हा माझा मुद्दा आहे. कॉलेजातल्या भाषणात ज्या मुलाने सगळ्यात जास्त उलाढाल केली त्याचाच आकडा पडद्यावर दाखवतात. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे आपल्या घरातल्या दुकानात गल्ल्याजवळ वाढलेल्या लहान पोरालाही कळतं. पण 'मालक' हा शब्द कानावर पडला की भल्याभल्यांचं भान सुटतं. कामगार म्हणून नेमलं तर किमान मजुरी द्यावी लागते. फ्रँचायझी म्हटलं की तो स्वतंत्र व्यावसायिक ठरतो, त्याला ताशी काय पडतं ते त्याचं तो बघेल. काही कंपन्या विद्यार्थ्याला फ्रँचायझी म्हणतात, काही शाखेचा मॅनेजर म्हणून पगारावर ठेवतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या मुलाने वा मुलीने असं काही करायचं म्हटलं तर पहिला प्रश्न हाच विचारा, की कागदावर तू कोण आहेस?

दुसरा प्रश्न, कागद घरी आणून वाचायला वेळ मिळाला का? ओंटारियोत फ्रँचायझीचा कायदा आहे. फ्रँचायझी देणाऱ्याने सगळी माहिती लेखी द्यायची, आणि ती दिल्यापासून चौदा दिवस झाल्याशिवाय सही किंवा पैसे घ्यायचे नाहीत. अमेरिकेतही असाच चौदा दिवसांचा नियम आहे. पण दोन्हीकडे लहान रकमेच्या व्यवहारांना सूट असते, आणि विद्यार्थ्यांचे व्यवहार बहुधा लहानच. म्हणून कायदा चौदा दिवस देवो न देवो, आपण घरच्यांनी ते घ्यायचे. कंपनीचा हिस्सा बिलाच्या रकमेवर आहे की खर्च वजा जाता उरलेल्यावर? काम परत करावं लागलं तर त्या खर्चात कंपनी वाटेकरी आहे का? गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर? मधेच सोडलं तर दंड किती? रंगवणारं पोर शिडीवरून पडलं तर कामगार विमा कोणाच्या नावावर? एवढं विचारायला वकील लागत नाही, आई-आजी पुरते.

आमच्या नातीला जूनमध्येच याचा हिसका बसला. एका घराचा मागचा लाकडी ओटा तिच्या मुलांनी धुतला आणि लाकूड आतून वाळायच्या आधीच त्याला रंग दिला. तीन आठवड्यांत पापुद्रे सुटले. गिऱ्हाईक बोललं, बोलायलाच हवं. तिने दोन दिवस स्वतः गुडघ्यांवर बसून तो ओटा खरवडला, दोन मुलांची मजुरी पुन्हा दिली, रंग पुन्हा आणला. कंपनीचे पंचवीस टक्के मात्र मूळ बिलावर आधीच गेले होते, ते तसेच राहिले. करारात तसं लिहिलं होतं. करार तिने सही करण्याआधी वाचला होता का, तर वाचला होता, पण ते कलम नफ्याच्या दिवशी वाचलं आणि तोट्याच्या दिवशी समजलं.

शिडीबद्दलही सांगून टाकते, कारण त्याची काळजी खोटी नाही. उंचावरचं काम धोक्याचंच. ओंटारियोत बांधकामावर पडण्यापासून बचावाचा पट्टा-दोर वापरून काम करणाऱ्यांना २०१५ पासून प्रशिक्षण सक्तीचं आहे. माझ्या मते शिडीवर चढणाऱ्या प्रत्येक पोराने ते करावं, नियमात बसो वा न बसो. आणि जुन्या घरांत शिशाच्या रंगाची भीती असते. तो कोरडा खरवडला की त्याची धूळ फुप्फुसात जाते, अंगणात पडते, तिथे रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जाते. अमेरिकेत १९७८ च्या आधी बांधलेल्या घरात असं काम पैसे घेऊन करायचं तर २०१० पासून प्रमाणपत्र लागतं. ज्यांची मुलं न्यू जर्सी, टेक्सासकडे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा. शिडीची भीती डोळ्यांना दिसते, धुळीची दिसत नाही.

आता आपल्या धर्माच्या बाजूने. हा प्रश्न मला फक्त एका बाईंनी विचारला, त्या नव्वदीच्या आहेत आणि रोज स्वाध्यायाला येतात. "रंगाच्या धंद्यात हिंसा किती?" विचारण्यासारखा प्रश्न आहे. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची, आणि आरंभी, उद्योगी, विरोधी यांत जपून राहायचं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. रंगकाम उद्योगी हिंसेत येईल. भिंत आधी यंत्राच्या जोरदार फवाऱ्याने धुतात. ते पाणी काही गाळलेलं नसतं, हे मी मुकाट्याने ऐकून घेतलं. कोळ्यांची जाळी जातात. ब्रशचंही आहे. तेलाच्या रंगासाठी जो केसांचा ब्रश वापरतात तो डुकराच्या केसांचा असतो, आणि आपल्याकडे घरी रंग काढताना कोणी हे विचारत नाही. पाण्याच्या रंगाला नायलॉनचाच ब्रश चांगला. नातीने तेलाच्या रंगाची कामं घेतलीच नाहीत.

खरा पेच पडला गांधीलमाश्यांचा. तिकडे घराच्या वळचणीला त्यांची पोळी असतात. रंगवणारी माणसं आदल्या संध्याकाळी फवारा मारतात आणि सकाळी झाडून टाकतात. दुकानात डबा मिळतो, पाच मिनिटांचं काम. पण हे नकळत झालेलं नाही, डबा विकत आणून, नेम धरून मारणं आहे. याला उद्योगी म्हणायचं की संकल्पी? तिने मला व्हिडिओ कॉलवर ते पोळं दाखवलं, करड्या कागदाची वाटी उलटी टांगावी तसं. मी पंडित नाही, पण मला तरी ते संकल्पीच्या फार जवळ वाटलं, तसं मी सांगितलं. तिने शोधून काढलं की या माश्यांचं बिऱ्हाड एकाच उन्हाळ्याचं असतं. थंडी पडली की ते संपतं आणि पुढच्या वर्षी तेच पोळं परत वापरत नाहीत. मग तिने कागदावर एक ओळ वाढवली, की जिथे जिवंत पोळं असेल तेवढी बाजू आम्ही सोडू, आणि तेवढे पैसे कमी घेऊ. दोन गिऱ्हाइकांनी हसून काम दुसऱ्याला दिलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र ती बाजू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली. दोन कामं गेली म्हणजे साधारण सहा हजारांची उलाढाल गेली. तिच्या हातात त्यातले सात-आठशे आले असते. माशीच्या जिवाची किंमत काढायची नसते, पण काढली तर इतकी.

तरीही मला विचाराल तर या धंद्यात व्रताची खरी परीक्षा माश्यांपाशी नाही, शनिवारी मजुरी वाटताना आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार दिले आहेत. आपण पर्वात ते ऐकतो आणि मान डोलावतो. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आहे, म्हणजे बैलावर झेपणार नाही इतकं ओझं घालणं, आणि अन्नपाननिरोध आहे, म्हणजे वेळेवर खाऊ-पिऊ न देणं. मला नेहमी वाटतं, यातला बैल आता गेला, माणूस राहिला. ओंटारियोच्या कायद्यात सलग पाच तासांहून जास्त काम करून घ्यायचं नाही, मधे अर्धा तास जेवायला द्यायचा, असं आहे. पण पाऊस यायच्या आत भिंत संपवायची असली की तो अर्धा तास पहिला कापला जातो. नात स्वतः कांदा-लसणाशिवायचा डबा नेते आणि दिवस मावळायच्या आत जेवते. जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, म्हणून बिचारीचं निभलं. मी तिला म्हटलं, तुझा डबा तू सांभाळतेस ते ठीक, तुझ्या पोरांचा डबा कोण सांभाळतं?

जुलैत एक प्रसंग आला. एका घराचा अंदाज तिने चाळीस तासांचा धरला होता, किंमत त्यावर सांगितली होती. काम झालं अठ्ठावन्न तासांत. अंदाज चुकला तिचा, मुलांनी कामचुकारपणा केला नव्हता, खरवडायचं जास्त निघालं. वरचा माणूस तिला म्हणाला, चाळीस तासांचेच दे, काम उक्तं दिलं होतं असं कागदावर दाखव. मैत्रिणींनो, याला आपल्याकडे कूटलेखक्रिया म्हणतात, सत्याणुव्रताचा अतिचार. खोटा कागद. कायद्यानेही ते चाललं नसतंच. पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला कोण सांगणार, आणि ते कोणाकडे दाद मागणार? तिने अठ्ठावन्न तासांचे दिले. त्या कामात तिला पदरचे दोनशे डॉलर घालावे लागले. हा खर्च वहीत वेगळ्या रकान्यात लिही असं मी सांगितलं होतं, तिने लिहिला आहे.

आगाऊ रकमेचंही तसंच. दुसऱ्या भागातल्या एका मुलाने मेमध्ये घेतलेल्या आगाऊ रकमा आधीच्या कामाची मजुरी भागवायला वापरल्या. मग जुलैत त्या गिऱ्हाइकांच्या रंगाला पैसे नाहीत. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण दुसऱ्याची ठेव आपली समजून खर्च केली की तो न्यासापहारच, हेतू काहीही असो. विक्रीकराचंही हेच. तिकडे वर्षाला ३०,००० डॉलरच्या वर उलाढाल गेली की नोंदणी करून गिऱ्हाइकाकडून कर घ्यावा लागतो, ओंटारियोत तो तेरा टक्के. खात्यात तो पैसा दिसतो, आणि तरण्या पोराला वाटतं आपण श्रीमंत झालो. तिला मी पहिल्याच दिवशी दुसरं खातं काढायला लावलं. कराचे आणि आगाऊ आलेले पैसे त्यात, आणि त्याला हात लावायचा नाही.

अचौर्याच्या अतिचारांत मापात कमी-जास्त करणं आणि चांगल्यात हलकं मिसळून विकणं सांगितलं आहे. दोन हात ठरवून दीड हात मारणं, रंगात पाणी वाढवणं, हे दोन्ही त्यातच बसतं. गिऱ्हाइकाला रंग वाळल्यावर काही कळत नाही, कळतं ते दुसऱ्या हिवाळ्यात. तोवर विद्यार्थी पदवी घेऊन दुसऱ्या गावाला गेलेला असतो. हा या उन्हाळी धंद्याचा सगळ्यात मोठा मोह आहे, असं माझं मत झालं आहे. आपल्या पेढ्या पन्नास-पन्नास वर्षं एकाच चौकात असायच्या, खोटं वागलं तर गिऱ्हाईक उद्या समोर उभं. इथे दुकानच चार महिन्यांचं. दार वाजवून केलेला करार गिऱ्हाइकाला दहा दिवसांत विनाकारण मोडता येतो, असा ओंटारियोचा कायदा आहे. नात ते स्वतःहून सांगायची. तिच्या बरोबरीची मुलं तिला खुळी म्हणायची. एकाने मोडलाही.

एवढं सगळं लिहूनही माझं मत असं आहे, की मुलींनी हे करावं. एक उन्हाळा करावा. का, तेही सांगते. मी बी.कॉम. होऊन सासरी आले, तरी दुकानाची वही माझ्या हातात यायला अकरा वर्षं लागली. त्याआधी जमाखर्च कळतो म्हणून कौतुक व्हायचं आणि किल्ली मुनीमजींकडे असायची. आपल्या घरांतल्या मुली आजही धंद्याच्या घरात वाढतात, पण धंदा बघत नाहीत. भावाला गल्ल्यावर बसवतात, बहिणीला चहा घेऊन पाठवतात. आमच्या नातीने वीस वर्षांच्या वयात किंमत सांगितली, नकार ऐकला, चुकलेल्या अंदाजाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले, नफा-तोटा पत्रक लिहिलं. शंभर दारं वाजवली तर चार-पाच घरं अंदाज मागतात आणि त्यातलं एखादं काम देतं, हे तिला पुस्तकातून कळलं नसतं. ताशी सव्वासहा डॉलर ही शिकण्याची फी धरून मिळालेली मजुरी आहे. फक्त ती फी आहे हे आधी माहीत असावं, आणि घरात भाड्याला, फीला त्या पैशाची गरज असेल तर हा धंदा करू नये. ज्या मुलांना कॉलेजची फी याच उन्हाळ्यात उभी करायची आहे त्यांनी सरळ ठरलेल्या पगाराची नोकरी धरावी. आमच्या मुलीला बापाचा आधार होता म्हणून अठ्ठावन्न तासांचे पैसे देता आले. ज्याला नाही, त्याला तो वरचा माणूस म्हणेल तसं करावं लागतं. मालक व्हा, मालक व्हा म्हणून भाषण ठोकणाऱ्यांनी हे कधीतरी सांगावं.

जाऊबाईंचा राग आता निवळला आहे. मुलीने पाठवलेला एका घराचा आधीचा आणि नंतरचा फोटो त्यांच्या मोबाईलवर आहे, आणि त्या तो महिला मंडळात सगळ्यांना दाखवतात. निळ्या दाराचं घर आहे, छान दिसतं.

आता नवीनच निघालं आहे. कंपनीने तिला पुढच्या वर्षासाठी विचारलंय की तू आता दारं वाजवू नकोस, कॉलेजात भाषणं दे, नवीन मुलं भरती कर, त्यांना शिकव, आणि त्यांच्या उलाढालीवर तुला हिस्सा. तिच्या वडिलांना हे फार आवडलं आहे, बढतीच झाली म्हणतात. माझा याला विरोध आहे, आणि मी तो सगळ्यांसमोर सांगितला आहे. यंदा तोटा झाला तर तो तिच्या अंगावर होता. पुढच्या वर्षी तो दुसऱ्यांच्या पोरांच्या अंगावर राहील, आणि ती उलाढालीचा हिस्सा घेईल. मी तिला एकच अट घातली आहे. भाषणाच्या वेळी पडद्यावर आपली स्वतःची वही दाखवायची, ६३,००० पासून खाली ७,५०० पर्यंत, आणि शेवटी ताशी सहा डॉलर अडतीस सेंट. ते बघूनही जी मुलं पुढे येतील त्यांना खुशाल घे. तिला हे पटलं. तसं चालेल का, असं तिने कंपनीला लिहून विचारलं आहे. तीन आठवडे झाले, अजून उत्तर आलेलं नाही.